महिपतीची मादी

महिपतशेठांनी रत्नागिरीत कॉलेज काढलं, नावारूपाला आणलं आणि ते वारले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांच्या नावाचा कोळी निघाला. कोळी म्हणजे जाळं विणणारा, मासे मारणारा नव्हे; मांडवीसारख्या मासेमारांच्या वस्तीत हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कॉलेजच्या पाठीमागे सड्यावरचा, उघड्या माळावरचा कातळ संपून काजू लागतात, तिथे प्राणिशास्त्राच्या काशीराम सुर्वेसरांना तो सापडला. तांदळाच्या कणीएवढा, तांबूस, पुढचे पाय अंगाच्या मानाने लांब. पुस्तकात कुठेच बसेना, तेव्हा सरांनी नवी प्रजाती म्हणून त्याचं वर्णन छापलं आणि संस्थापकांची आठवण म्हणून तिचं नाव ठेवलं 'महिपती'. वर्तमानपत्रात बातमी आली. संस्थेने त्याचा फोटो दाराएवढा मोठा करून ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर लावला. प्रवेश घ्यायला आलेली पोरं तो आठ पायांचा राक्षस बघून दचकायची, आणि खरा कोळी केवढा ते कळलं की एकमेकांना कोपर मारून हसायची.

उणीव एकच होती. सापडले होते ते सगळे नर. गोल जाळं विणणाऱ्या कोळ्यांत जाळ्याची धनीण मादी असते. नर वयात आला की स्वतःचं जाळं सोडतो आणि तिच्या शोधात भटकत राहतो. म्हणजे सुर्वेसरांनी जगाला नुसता पाहुणा दाखवला होता. घर आणि घरधनीण दोन्हींचा पत्ता नव्हता.

तो पत्ता काढायचं काम त्यांनी अक्षया मयेकरकडे दिलं. अक्षया त्यांचीच विद्यार्थिनी, आता त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होती. मांडवीची मुलगी. वडील आप्पा बोटीवर सारंग होते, आता घरी बसून समुद्राला नावं ठेवायचे. आई मथुरा.

"पुढच्या मेमध्ये सुवर्णमहोत्सव आहे," सर म्हणाले होते. "त्याच्या आत महिपतीची मादी सापडली पाहिजे. शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं घालू."

अक्षया पावसाळाभर सडा, काजूच्या बागा, खालच्या वाडीतली फणसाची झाडं पालथी घालत राहिली. महिपती मिळायचे, पण नेहमी भलत्याच ठिकाणी, म्हणजे ठिपकीच्या जाळ्यावर. ठिपकी हे त्यांच्या लॅबमधलं लाडकं नाव. झाडाच्या बुंध्याला चिकटून शिडीसारखं जाळं विणणारी, रुपयाएवढी, पाठीवर ठिपके असलेली ही कोळीण कोकणात कुठल्याही बागेत बघायला मिळते. शंभरावर वर्षांपूर्वी कोणा साहेबाने नेलेल्या एका मादीवरून तिला शास्त्रीय नाव मिळालं, आणि तेव्हापासून तिच्याकडे कोणी वळून पाहिलं नव्हतं. अक्षयाला वाटायचं, महिपती तिथे उष्टंखरकटं खायला येत असतील. असे फुकटे कोळी असतात.

गणपती गेल्यावर एका सकाळी ती वाडीतल्या जुन्या फणसाखाली उभी होती. ठिपकी जाळ्याच्या मधोमध बसलेली. एक महिपती कडेच्या धाग्यावर थांबला, पुढच्या पायांनी धागा छेडला, पुन्हा थांबला, मग सरळ तिच्या पोटाखाली गेला. तिने त्याला हाकललं नाही. तो खाण्यासाठी आलेला नव्हता.

तिने ती मादी लॅबमध्ये आणली आणि सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. नर कोळ्याच्या तोंडाजवळ दोन आखूड पाय असतात, त्यांच्या टोकाला गाठ असते आणि गाठीत तारेसारखा पीळ. हा पीळ प्रत्येक प्रजातीचा निराळा. कोळी ओळखायची खरी खूण तीच. काही नरांची तार मीलनात मोडते आणि मादीतच राहते. ठिपकीच्या पोटाखाली ती होती. टोकाला उलटा आकडा असलेली, कुलपात मोडलेल्या किल्लीसारखी. तो उलटा आकडा तिने सुर्वेसरांच्या लेखात शेकडो वेळा पाहिला होता.

ती स्टुलावर बसून राहिली. मादी सापडली होती. ती मुळी हरवलेलीच नव्हती. पण ठिपकी जर महिपतीची मादी असेल, तर महिपती ही नवी प्रजाती नव्हतीच. तो ठिपकीचा आजवर कोणी न ओळखलेला नर होता. आणि एकाच प्राण्याची दोन नावं निघाली तर आधीचं राहतं, नंतरचं पडतं. शास्त्रात त्यावर अपील नाही.

सुर्वेसरांनी भिंगाला डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही. मग चष्मा पुसत म्हणाले, "चुकून गेला असेल."

"सर?"

"नरांना या कामात आंधळेपणा येतो. दुसऱ्या प्रजातीच्या मादीवर गेलेला नर मी स्वतः पाहिलाय. एकदा दिसलं म्हणून सोयरीक ठरत नाही."

"एकदा नाही सर. पावसाळाभर मला प्रत्येक महिपती हिच्याच जाळ्यावर मिळालाय."

"मग हिची अंडी वाढव. हिच्या पोटचे मुलगे महिपती निघाले तर मी मानीन."

हे सर सहज बोलले नव्हते. ती पिल्लं बाटलीत वाढवणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पूर्वी दोनदा हात घातला होता आणि दोन्ही वेळा सोडून दिलं होतं. अक्षयालाही ते ठाऊक होतं. ती म्हणाली, "वाढवते."

मथुराने मागीलदारच्या पडवीतली लोणच्याच्या बरण्यांची फळी तिला मोकळी करून दिली. दिली म्हणजे भरपूर बोलून दिली. "जन्मभर मी जळमटं काढली, नि आता पोरगी कोळी आणून पोसतेय. शेजारी विचारतील तर काय सांगू गो?"

"सांग, कॉलेजचं काम आहे."

"कॉलेजला घर नाय काय?"

अंड्यांच्या पिशवीतून पिल्लं निघाली ती मोहरीपेक्षा बारीक. एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळी नळी, तोंडाला मलमलीचा तुकडा. खायला फळमाश्या, आणि माश्यांसाठी पिकून काळी पडलेली केळी. पडवीत आंबूस वास भरून राहिला. आप्पांनी आपली आरामखुर्ची पुढच्या खळ्यात, अंगणात हलवली आणि महिनाभर लेकीशी नीट बोलले नाहीत. किती पिल्लं बुरशीने गेली, किती कात टाकताना अडकून मेली. अक्षया सकाळी तासाला जायच्या आधी आणि आल्यावर हातपाय धुवायच्या आधी नळ्या बघायची. हळूहळू मथुराही बघायला लागली. "ती तिसरी आज जेवली नाय," असं ती भाकरी थापता थापता सांगायची.

शिमग्याच्या सुमारास काही पिल्लांची वाढ थांबली. तांदळाच्या कणीएवढी झाली, शेवटची कात टाकली, आणि तोंडाजवळच्या आखूड पायांना गाठी आल्या. अक्षयाने पहिल्याची गाठ भिंगाखाली उलगडली. उलटा आकडा. दुसऱ्याची पाहिली, तिसऱ्याची पाहिली. सगळे महिपती.

त्यांच्या बहिणी अजून वाढतच होत्या. त्यांच्यात एक गंमत निघाली. काही कातळावरच्या शेवाळासारख्या फिकट राखाडी, तर काही फणसाच्या सालीसारख्या काळ्या. आणि सगळ्या एकाच आईच्या.

मथुरा पदर सावरत फळीशी वाकली. "हे तुमच्या भिंतीवरचे शेठ ना?"

"होय."

"नि ह्या त्यांच्या बहिणी?"

"सख्ख्या. रानात त्यांचं लग्न दुसऱ्या घरातल्या असल्याच ठिपकीशी लागतं. मग ते तिच्याच जाळ्यावर राहतात, तिचं उरलंसुरलं खातात."

मथुरा पदर तोंडाला लावून इतकी हसली की आप्पा खळ्यातून उठून आले. "घरजावई," ती म्हणाली. "शेठ घरजावई निघाले."

सुर्वेसर हसले नाहीत. त्यांनी लॅबमध्ये एकेक नळी उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाले, "वाढवलीस खरी." त्यांच्या तोंडून एवढी शाबासकी अक्षयाने आजवर ऐकली नव्हती. पण त्या आठवड्यात त्यांनी तिला परत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"एक वाट आहे," ते म्हणाले. "जुन्या वर्णनातली मादी काळी आहे. तू सड्याकडच्या काजूंवर मिळतात त्या फिकट माद्या घे, बागेतल्या काळ्या सोडून दे. फिकट मादी आणि आपला नर, मिळून एक प्रजाती. काळी ती वेगळी. महिपती टिकतो, मादी सापडते, आणि शोध तुझ्या नावावर लागतो."

"सर, काळ्या नि फिकट एकाच पिशवीतून निघाल्यात."

"ते लिहिलंच पाहिजे असं कुठे आहे?"

शिकत असताना अक्षयाने एकदा पाय मोडलेल्या नमुन्याची लांबी अंदाजाने लिहिली होती, तर याच माणसाने सगळ्यांसमोर ते पान फाडून तिच्या हातात दिलं होतं. त्या दिवशी ती घरी जाऊन रडली होती. आज रडू आलं नाही.

"नाही सर. हे मी नाही करणार."

"जूनमध्ये तुझी कायम जागेची मुलाखत आहे."

"माहीत आहे."

"समितीवर महिपतशेठांचे हर्षदशेठ आहेत."

"तेही माहीत आहे."

सर खिडकीकडे वळले. "निवृत्तीला माझी दोन वर्षं राहिली. लोक मला या एका कोळ्यामुळे ओळखतात. तो गेला तर माझं काय राहतं?"

"नराचं वर्णन राहतं, सर. तुमच्याइतकं बारीक कोणी केलं नव्हतं. ते कोण खोडणार? पडतं ते फक्त नाव."

"लोकांना नावच हवं असतं," सर म्हणाले.

निबंध लिहायचा तर एक गोष्ट राहिली होती. ज्या नमुन्यावरून महिपतीचं नाव पडलं, तो मूळ नमुना आपल्या डोळ्यांनी बघून आपल्या नरांशी ताडून पाहायला हवा होता. नाहीतर उद्या कोणीही म्हणेल, तुमचे नर नुसते तसे दिसणारे. तो नमुना कॉलेजच्या संग्रहालयात, कपाटात होता. अक्षयाने अर्ज दिला, आणि त्याच दिवशी कपाटाची किल्ली विभागातून ऑफिसात गेली. अर्जाला उत्तर आलं नाही. दुसरा दिला, त्यालाही नाही. तेव्हा ती एस.टी. पकडून हातखंब्याला गेली. महिपतशेठांचे चिरंजीव हर्षदशेठ संस्थेचे अध्यक्ष होते, आणि तिठ्यावरच्या आपल्या हॉटेलात बसूनच संस्थेचा कारभार बघायचे.

"बसा मॅडम. चहा घेणार?"

"मूळ नमुना बघायचा आहे. अर्ज दोनदा दिलाय."

हर्षदशेठांनी गल्ल्यावरच्या माणसाला चहाची खूण केली. ते आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते. "आमच्या वडिलांनी याच तिठ्यावर भज्यांची गाडी लावली होती," ते म्हणाले. "स्वतः चौथी शिकलेले. कॉलेज उभं राहिलं तेव्हा फाटकाशी उभे राहून पोरं मोजायचे. अशा माणसाचं नाव एका कोळ्याला मिळालंय. राहू दे की. तुमचं काय जातं?"

"माझं जायचं ते जूनमध्ये जाईल, असं सर सांगत होते."

हर्षदशेठ किंचित हसले. "मग असं करा. मे होऊ दे. मुंबईहून जुने विद्यार्थी येणार, कमानीवर कोळी कोरायला दिलाय. महोत्सव उरकला की काय छापायचं ते छापा."

"महोत्सवात तुम्ही सांगणार की हा कोळी जगात फक्त इथे आहे. मी तिथेच वर्गात उभी राहून पोरांना सांगते, आधी बघा, मग लिहा. तुमच्या महोत्सवापर्यंत त्यांना काय सांगू? बघितलं तरी गप्प राहा?"

"तुम्ही आमच्या वडिलांना घरजावई म्हणता, असं कानावर आलंय."

"मी नाही म्हटलं. आईने म्हटलं. आणि वडिलांना नाही, कोळ्याला."

चहा आला. तिने घेतला नाही.

"तो नमुना संस्थेचा आहे," हर्षदशेठ म्हणाले. "मिळणार नाही."

"तो जपायला संस्थेकडे दिलाय. कुणाही अभ्यासकाला बघता येईल, असं सरांनी लेखातच छापलंय. तुमच्या वडिलांच्या नावाच्या खालीच ते वाक्य आहे, वाचून बघा."

घरी आप्पा संतापले. "कायम नोकरी चालून येतेय, ती लाथाडायला निघाल्येस. कोळ्याला काय म्हणतात ते कोळ्याला कळतंय?"

अक्षया काही बोलायच्या आत मथुरा आतून बाहेर आली. "कोळ्याला नसेल कळत. मला कळतंय. माझ्या पडवीत वाढलेत ते. आई कोण नि पोरं कुठची, ते मी रोज बघितलंय. उद्या कोण शेठ म्हणेल असं नाय, तर मी काय खोटी?"

"तुला विचारलं कोणी?"

"नाय ना विचारलं. म्हणून सांगतेय."

आप्पा पुन्हा खळ्यात जाऊन बसले. पण दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना त्यांनी काळी पडलेली केळी आणली आणि फळीवर ठेवली.

महोत्सवाच्या दिवशी कॉलेज माणसांनी फुलून गेलं होतं. अक्षयाचं नाव कार्यक्रमपत्रिकेतून वगळलेलं होतं, तरी ती गेली. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रदर्शन मांडलं होतं, आणि दारावर पाटी होती: 'महिपती, मूळ नमुना. पाहुण्यांनी रांगेने पाहावा.' तिने पाटी दोनदा वाचली. जो नमुना अर्ज करकरून मिळत नव्हता, तो मुंबईकरांच्या बायकापोरांना दाखवायला भिंगाखाली मांडून ठेवला होता.

ती रांगेत उभी राहिली. पुढे बोरिवलीचं एक कुटुंब होतं. त्यांची मुलगी "शी, केवढासा" म्हणून बाजूला झाली. मग अक्षयाची पाळी आली. सूक्ष्मदर्शकाशेजारी स्वतः सुर्वेसर नवा सदरा घालून उभे होते. त्यांनी तिला पाहिलं आणि नजर फिरवली.

तिने पिशवीतून कागद आणि टोकदार पेन्सिल काढली, डोळा भिंगाला लावला आणि काढायला सुरुवात केली. आधी गाठीची कड, मग तारेचा पीळ. मागची रांग खोळंबली. कोणी म्हणालं, "ओ ताई, किती वेळ?" ती हलली नाही.

"पुढे सरक," सर हळूच म्हणाले.

"टोक नीट दिसत नाहीये, सर. उजेड डावीकडून हवा."

मागून हर्षदशेठ पाहुण्यांना घेऊन येत होते. ते थांबले. "काय चाललंय?"

अक्षयाने डोळा काढला नाही. "बघतेय," ती म्हणाली. "रांगेतून आलेय."

मग तिला दिव्याची दांडी कुरकुरल्याचा आवाज आला. उजेड सरकला आणि डावीकडून पडला. त्यापाठोपाठ भिंगाच्या गोलात एक सुई आली, थरथरत नव्हती, सरांची सुई कधीच थरथरत नसे. त्या सुईने नमुना अलगद कुशीवर वळवला. तारेचं टोक समोर आलं. उलटा आकडा, तिच्या पडवीतल्या नरांसारखाच, अगदी मुळाशी असलेल्या बारीक दातासकट.

"सुर्वेसर," हर्षदशेठांचा आवाज आला, "रांग पुढे घ्या."

"घेतो," सर म्हणाले. "त्यांचं होऊ दे."

तिने चित्र पुरं केलं, आणि मगच ती बाजूला झाली.

जूनमध्ये मुलाखत झाली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी बरंच विचारलं, तिने नीट उत्तरं दिली. शेवटी हर्षदशेठांनी एकच प्रश्न विचारला. "आपल्या ऑफिसच्या भिंतीवर कोळी आहे. त्याचं नाव सांगा."

काय सांगितलं की जागा मिळेल, ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अक्षयाने ठिपकीचं शंभर वर्षांपूर्वीचं नाव सांगितलं, कुळापासून प्रजातीपर्यंत, एकेक अक्षर सुटं करून. वर विचारलं, "लिहून देऊ?"

जागा दुसऱ्याला गेली. तासिकाही गेल्या. ती अलोऱ्याच्या शाळेवर विज्ञान शिकवायला लागली. तिथल्याच कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत एक खोली घेतली आणि नळ्यांची फळी तिथे मांडली. दिवाळीच्या सुमारास निबंध छापून आला. त्यात ठिपकीच्या नावाखाली महिपतीचं नाव बुडालेलं होतं, काळ्याफिकट बहिणींचा तक्ता होता, आणि रांगेत उभं राहून काढलेलं ते चित्र होतं. कॉलेजने भिंतीवरचा फोटो काढला नाही. कमानीवरचा कोळीही तसाच आहे.

थंडीत एका रविवारी सुर्वेसरांचा फोन आला. तब्येत, शाळा, कॉलनीतलं पाणी असं इकडचं तिकडचं झाल्यावर ते म्हणाले, "मी आणखी तीन नावं दिलीयत, तुला माहीत आहे. तिन्ही एकेका नरावरून. ते नमुने मी बाहेरच्या संग्रहात दिलेत, तिथे कोणी किल्ली लपवणार नाही."

"बघू म्हणता?"

"बघ."

"सर, जे दिसेल ते लिहीन मी. तिन्ही पडली तर तिन्ही पडतील."

"दुसऱ्या नावाबद्दल मला स्वतःलाच शंका आहे," सर म्हणाले. "त्याच्यापासून सुरुवात कर."